डोळ्यांनी वाढणारा

"हा कोणाचा? हा देवळातल्या हत्तिणीचा. ती म्हणाली, मज द्या. मी म्हटलें, आधीं आमच्या हरीला."

हरीनं तोंड डावीकडे फिरवलं.

"बरें, हत्तीण नको. हा महामहम तळ्यांतल्या माशाचा."

तोंड उजवीकडे.

"मग हा आईचा. आई आडुतुरैला आपिसांत बसली आहे, तिला भूक लागली आहे. हरि खाईल तर तिचें पोट भरेल. भरेल कीं नाही?"

आईचं नाव निघाल्यावर हरीचे ओठ जरा सैल झाले. तेवढ्या फटीतून जानकीरामरावांनी दहीभाताचा घास आत सारला आणि तो बाहेर येऊ नये म्हणून ओठांवर दोन बोटं धरून ठेवली. घास आत राहिला. पण गालात राहिला. हरि तो चावेना, गिळेना. गाल फुगवून आजाकडे बघत राहिला, आणि आजा त्याच्याकडे. मग त्या बारक्या मानेत काहीतरी ओढल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं, आणि हा घास, याच्या आधीचे घास, सकाळचं दूध, सगळं जानकीरामरावांच्या धोतरावर आलं.

"जालें," ते म्हणाले. "कांही नाही जालें."

धोतर बदललं. फरशी पुसली. हरीचं तोंड धुतलं. मग स्वयंपाकघरात जाऊन ते दुसरी वाटी भरून घेऊन आले.

*

हरि फार लवकर जन्मला होता. आईच्या आधी त्याच्या तोंडाशी नळी आली. कित्येक आठवडे नाकातून दूध गेलं, आणि पुढेही ओठांजवळ जे जे आलं ते दुखवायलाच आलं: चिकटपट्ट्या, औषधाच्या पिचकाऱ्या, हातमोजे घातलेली बोटं. नळी निघाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता जेवेल. हरीला तसं वाटलं नाही.

तीन वर्षांचा झाला, तरी अंगावर दीड वर्षाच्या मुलाचे कपडे येत. डॉक्टरांनी पोंगलपर्यंतची मुदत दिली होती. वजन वाढलं नाही तर तंजावरला नेऊन पोटाला भोक पाडायचं आणि तिथून नळी घालायची. डॉक्टर हे चांगल्या आवाजात म्हणाले होते. भीती वाटू नये म्हणून हसलेही होते. लावण्या, हरीची आई, दवाखान्यातून बाहेर येऊन पायरीवर बसली ती उठेचना. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. ती स्वतः आडुतुरैच्या भातसंशोधन केंद्रात कामाला. दुपारी हरि आणि त्याचा आजा, दोघंच घरी.

"अप्पा," ती पायरीवरून म्हणाली होती, "तुम्ही एवढ्यांना जेवूं घातलें."

पुढचं वाक्य तिनं उच्चारलं नाही. जानकीरामराव ते तेव्हापासून रोज ऐकत होते.

*

एवढ्यांना म्हणजे किती, ते कोणाला माहीत. कुंभकोणमच्या आसपास, कावेरीच्या या पट्ट्यातल्या जुन्या मराठी घरांतली लग्नं, मुंजी, साठीशांती, आणि पुढे तमिळ घरांतलीही, यांत जानकीरामराव आचारी म्हणून जात. पण खरं सांगायचं तर त्यांच्यापेक्षा चांगलं सांबार करणारे गावात होते. लोक त्यांना बोलवत ते वाढण्यासाठी.

पंक्तीच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाची भूक ते ओळखत. नवऱ्यामुलाचा लाजरा मामा पानावर हात आडवा धरतो: बोटं जुळलेली असली तर खरंच पुरे झालं, फाकलेली असली तर वाढा. म्हातारी बाई मान हलवते, पण नजर पायसमच्या भांड्यावरून निघत नाही. व्याही नको म्हणतात ते यजमानांनी पुन्हा विचारावं म्हणून. जानकीरामराव कोणाला "हवं का" असं विचारत नसत. बघत, आणि वाढत. एकानं नको म्हटलं नि आपण थांबलो, तर त्याला उपाशी उठवल्यासारखं. नको हा शब्द आमच्या घरांत जेवणाचा शेवट नसतो, सुरुवात असते. त्यांच्या पंक्तीतून कोणी अर्धपोटी उठला असं कधी झालं नाही.

कधीच नाही.

*

नंदिताची खोली बसस्टँडजवळ, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. जेवत नसलेल्या मुलांना जेवायला शिकवणं हाच तिचा व्यवसाय. खाली चटई, छोट्या थाळ्या, भिंतीला लहान मुलांच्या उंचीवर आरसा. बाई चाळिशीची, केस पुढून पांढरे, आणि बोलणं सगळं तमिळमध्ये, सरला ‘सार’ म्हणत. ही तिघं आल्याआल्या तिनं हरीकडे बघितलंसुद्धा नाही. चटईवर बसली आणि स्वतःच चकलीसारखा मुरुक्कू खाऊ लागली, कडाकड आवाज करत.

"याला कसं भरवता, सार?"

"प्रेमानं."

"ते दिसतंय. शर्टाच्या बाहीवर आहे अजून."

लावण्या हसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा, म्हणून जानकीरामरावही रागावले नाहीत.

"तुम्ही स्वतः आज काय जेवलात?"

"मी? हा जेवला की मग जेवतो. उभ्याउभ्या, काहीतरी."

"का?"

"तो उपाशी असताना मी कसा जेवू?"

"म्हणजे रोज तो दोन माणसांची भूक घेऊन ताटावर बसतो," नंदिता म्हणाली. "एवढा मोठा बोजा, एवढंसं मूल."

मग तिनं नियम सांगितले. काय वाढायचं, केव्हा, कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे हरि ठरवेल. भरवायचं नाही. मागे धावायचं नाही. हत्ती, मासे, आई, कोणाच्या नावाचा घास नाही. मध्येमध्ये तोंड पुसायचं नाही. हात घालू दे, कुस्करू दे, थुंकू दे. खाल्लं तर शाबासकीही नाही. त्याच्याबरोबर बसायचं आणि आपलं आपण जेवायचं.

"आणि त्यानं नको म्हटलं की नको."

"आमच्यात नको म्हणजे आणखी एकदा विचारा."

"तो अजून तुमच्यातला झालेला नाही, सार. तीन वर्षांचा आहे."

या सगळ्या वेळात हरि आरशासमोर बसून मुरुक्कूचा तुकडा स्वतःच्या प्रतिबिंबाला भरवत होता. काचेवर, तोंडाच्या जागी, पिठाचा डाग पडला होता. तो सगळ्यांनी बघितला, आणि नंदितानं डोळ्यांनीच सगळ्यांना गप्प केलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ताटं. रसमभात, भाजलेला अप्पळम्, म्हणजे पापड, थोडी डांगराची दह्यातली पचडी. दोघं समोरासमोर जमिनीवर.

जानकीरामराव म्हणाले नाहीत: बस रे माझ्या राजा.

हरीनं ताटाकडे पाहिलं.

जानकीरामराव म्हणाले नाहीत: गरम आहे, फुंकून देतों.

हरीनं एक बोट भाताला लावलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. भात गार होता.

म्हणाले नाहीत: कांही होत नाही रे, बघ, आजा खातो. म्हणाले नाहीत: एकच. म्हणाले नाहीत: अर्धा. म्हणाले नाहीत: बरें, नुसता अप्पळम् खा, भात राहूं दे. म्हणाले नाहीत: तुझी आई रडते रे.

हरीनं अप्पळम् मोडला. त्याचे दोन तुकडे केले, दोनाचे चार, चाराचा चुरा. चुरा भातावर पेरला. मग हात झटकून उठला.

"पोदुम्," म्हणाला. पुरे.

म्हणाले नाहीत:

म्हणाले नाहीत:

त्यांच्या स्वतःच्या ताटातला भात तसाच होता. तो त्यांनी नंतर खाल्ला, कां म्हटल्यास नंदितानं खा म्हटलं होतं.

*

असे बरेच दिवस गेले. हरि ओकेनासा झाला, एवढं खरं. ताटाशी येऊन बसू लागला, हेही. पण पोटात जे जात होतं ते चिमणीच्या चोचीएवढं. वजनकाटा जागचा हलला नाही. कार्तिकातले दिवे लागून गेले, मार्गळी महिन्याची थंडी पडली. पोंगल पुढच्या महिन्यावर आला.

नंदिता घरी आली. लोणच्याच्या बरणीला मोबाइल टेकवून उभा केला आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसली. जेवण आटोपल्यावर तिनं जानकीरामरावांना शेजारी बसवून ते चित्रण दाखवलं.

पडद्यावर एक म्हातारा होता. तोंडानं चकार शब्द काढत नव्हता. पण मुलाचा हात ताटाकडे गेला की म्हाताऱ्याची हनुवटी वर येई, तोंड आपोआप उघडे. मुलानं शीत उचललं की म्हाताऱ्याचा श्वास थांबे. शीत ओठांजवळ आलं की म्हातारा रिकाम्या तोंडानं चावू लागे, आणि मुलाच्या आधी गिळे. त्याच्या गळ्यातली घाटी वर जाऊन खाली येताना स्पष्ट दिसत होती. आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, मूल त्या गळ्याकडे बघून शीत खाली ठेवत होतं.

"पुन्हा लावा," जानकीरामराव म्हणाले.

तिनं पुन्हा लावलं.

"मी बोललो नाही."

"नाही बोललात. फार निग्रहानं बसलात. पण तुमचे डोळे वाढतायत, सार."

पडद्यावर चित्र थांबलेलं होतं. म्हाताऱ्याचं तोंड उघडं.

"मग डोळे मिटून जेवू?"

"जमेल?"

*

डोळे मिटून जेवून पाहिलं. कान बघू लागले.

*

जानकीरामरावांच्या घराच्या वरच्या मजल्यावर भवानी भाड्यानं राहत होती. माहेर दारासुरमचं, रेशीम विणणाऱ्या घरातलं. नवरा अजून तिथेच मागावर जाई. तिची मुलगी रम्या हरीहून थोडी मोठी. भवानीच्या चुलतभावाचं लग्न ठरलं होतं आणि घरच्यांना जुन्या माणसाचा सल्ला हवा होता: पायसम् किती, माणसं किती लावायची. जानकीरामराव नाही म्हणत होते. हरीला दुपारी कुठे ठेवणार?

"माझ्याकडे ठेवा. खाऊन टाकणार नाही मी त्याला."

"तो जेवत नाही ग."

"मग माझा भात वाचला. जा तुम्ही."

गेले. पण दारासुरमच्या त्या ओसरीवर, रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत होत्या तिथे बसून त्यांचं मन लागेना. पाहुणचाराची कॉफी अर्धी टाकून ते टाउनबसनं परतले. जिना चढताना भवानीचा आवाज आला. ती फोनवर बहिणीशी भांडत होती, कोणीतरी कोणाची साडी परत केली नव्हती. दार उघडंच होतं. ती पाठमोरी, कानाला फोन, एका हातानं भांडी विसळत होती. मुलांकडे तिचं लक्षच नव्हतं.

जमिनीवर एकच ताट. ताटाच्या एका बाजूला रम्या, दुसऱ्या बाजूला हरि. रम्या रसमभात कोपरापर्यंत ओघळू देत जेवत होती. हरीनं हात घातला. मूठ भरली. मूठ तोंडात गेली, अर्धी बाहेर सांडली. त्यानं चावलं. गिळलं. रम्या म्हणाली, "हे माझं आहे," आणि त्याचा हात ढकलला. त्यानं तिचा ढकलला आणि आणखी एक मूठ घेतली. हनुवटीवरून रसम ओघळत होतं आणि ते कोणीच पुसत नव्हतं.

जानकीरामराव उंबऱ्याबाहेर उभे होते. किती वेळ, ते त्यांना कळलं नाही. आयुष्यभर पंक्ती बघितल्या, पण कोणाला असं जेवताना त्यांनी बघितलं नव्हतं. किंवा बघितलं असेल, तेव्हा ते वाढत होते. पाऊल कधी आत पडलं तेही कळलं नाही.

"आजा," हरि ओरडला. उठून धावत आला आणि रसमानं माखलेल्या हातांनी त्यांच्या पायांना मिठी मारली. केवढा आनंद त्याला.

"जेव, जेव. बस," ते म्हणाले.

तो जाऊन बसला. ताटाकडे बघितलं, मग आजाच्या तोंडाकडे.

आणि ओठ मिटले.

"पोदुम्."

"अरे, आत्ता तर खात होतास की," भवानी वळून म्हणाली. तिनं त्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि बहिणीला म्हणाली, "ठेव फोन. मग करते."

*

"माझ्यासमोर जेवायला त्याला किती दिवस लागतील?" त्यांनी नंदिताला विचारलं.

"सांगता येणार नाही, सार."

"आठवडे?"

"महिने असतील. कदाचित त्याहून जास्त." ती छोट्या थाळ्या एकात एक घालत होती, ती थांबली. "त्याला तुमचा राग नाही."

"ठाऊक आहे. धावत येतो."

"ताटासमोर तुम्हाला बघितलं की त्याला आधीचं सगळं आठवतं. विसरायला वेळ द्यावा लागेल. मी हे तुम्हाला सांगायचं कसं, याचाच विचार करत होते."

"तुम्ही कुठे सांगितलंत," जानकीरामराव म्हणाले. "मी बघून आलो."

*

रात्री लावण्या जेवत असताना ते दाराशी उभे राहून म्हणाले, "उद्यांपासून दुपारीं मी तिरुवलंचुळीला जाणार. देवळाजवळ अन्नदान करतात कोणी. वाढायला माणूस पाहिजे म्हणाले."

"या वयांत, अप्पा?"

"वाढायला वय लागतें कां?"

"आणि हरीचें?"

"भवानी खालीं येऊन बसेल, रम्याला घेऊन. स्वयंपाक मी करून जाईन. तिच्याशी बोललों."

"रात्रीं तुम्ही आमच्याबरोबर बसाल ना?"

"रात्रीं मज जड होतें. मी संध्याकाळींच कांही खाईन."

लावण्यानं हातातला घास ताटात ठेवला. "नंदिता माडम काय म्हणाल्या?"

"त्या काय म्हणणार. बरें म्हणाल्या."

"अप्पा."

"जेव तूं. निवतें."

तिरुवलंचुळीचं देऊळ दुपारी बंद असतं. या भागातली सगळीच देवळं दुपारी बंद असतात, हे कुंभकोणमच्या लहान मुलालाही ठाऊक आहे. लावण्यालाही. सकाळी निघताना त्यांच्या पिशवीत तिनं पाण्याची बाटली ठेवली आणि बसायला एका जुन्या पंच्याची घडी.

*

तर असं सुरू झालं. सकाळी स्वयंपाक करायचा, भांडी झाकून ठेवायची, हरि खेळत असताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि टाउनबस धरायची. देवळाच्या बंद दारासमोर, भिंतीच्या सावलीत बसायचं. देवळातल्या पांढऱ्या विनायकासाठी हार विकणारी बाई तिथेच डबा उघडून जेवे. तिनं एकदा विचारलं, "अय्या, थोडं घ्याल?" त्यांनी नको म्हटलं. ती पुन्हा विचारेल म्हणून ते थांबले. तिनं डबा पुढे ओढला आणि जेवू लागली.

पोंगलच्या आदल्या आठवड्यात हरीला काट्यावर उभं केलं. डॉक्टरांनी चष्मा वर करून आकडा वाचला, मग हरीला उतरवून पुन्हा उभं केलं. नळी सध्या नको, म्हणाले. असंच चालू द्या. रिक्षात लावण्या हरीच्या केसांत तोंड खुपसून रडली. हरि तिला विचारत होता, "काय जालें, काय जालें?" जानकीरामराव बाहेर बघत होते. पूल, ऊस, गुळाच्या गाड्या.

"अप्पा, आतां तरी…" ती म्हणाली.

"असेंच चालूं द्या म्हणाले ना," ते म्हणाले.

*

माघातली एक दुपार. ते बसमधून उतरून घरी आले तेव्हा हरि आतल्या खोलीत झोपला होता. पोट वर, हात डोक्यावर टाकलेले. भवानी रम्याला कडेवर घेऊन जिन्याकडे निघाली होती.

"ताट धुतलं नाही, सार," ती हळू आवाजात म्हणाली. "म्हटलं, तुम्ही बघाल. दहीभात. दुसऱ्यांदा मागून घेतला."

"मागितला?"

"मागितला."

ती वर गेली. स्वयंपाकघरात भिंतीलगत ताट होतं. दहीभात संपला होता. त्याचा पातळ थर ताटाच्या तळाला वाळत चालला होता, आणि त्या थरात चार बोटांच्या रेघा उमटल्या होत्या. आतून बाहेर ओढलेल्या, बारीक, जवळजवळ. शेवटचं शीत गोळा करताना उमटलेल्या. एक रेघ पार काठापर्यंत गेली होती.

जानकीरामराव भिंतीला हात लावून खाली बसले. आतल्या खोलीतून श्वास ऐकू येत होता, नियमित, भरल्या पोटाचा.

थोड्या वेळानं त्यांनी भाताचं भांडं जवळ ओढलं. दुसरं ताट काढलं नाही. त्याच ताटात, एका कडेला, रेघा मोडणार नाहीत अशा बेतानं, आपल्यापुरता भात वाढून घेतला आणि ते जेवू लागले.